लाल स्टारवाले रकाने

मागच्या महिन्यात गारगोटीहून कोल्हापूरला येताना एसटीत माझ्या शेजारी एक म्हातारी बसलेली, आणि मुदाळ तिट्टा यायच्या आत तिला माझं माहेर कुठलं, सासर कुठलं, नवरा काय करतो, पोरगं कितवीत, एकच का, आणि हातात बांगड्या का नाहीत एवढं सगळं कळलं होतं. मला जरापण राग आला नाही. कारण त्याच्या आधी तिनं स्वतःचं सांगून टाकलेलं, थोरला पुण्याला असतो आणि फोन करत नाही, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, सून बरी आहे पण मीठ जास्त घालते. मग पिशवीतनं भाजलेल्या शेंगा काढून ओंजळभर माझ्या हातात. म्हणजे चौकशी होती पण दोन्हीकडनं होती, आणि वर शेंगा होत्या.

हे आठवायचं कारण म्हणजे गेले दहा दिवस मी एक ऑनलाइन फॉर्म भरतेय आणि तो फॉर्म काय भरून होत नाहीये.

मी अकाउंट्सवाली. एम.कॉम. शिवाजी विद्यापीठ, टॅली, जीएसटी, टीडीएस, पीएफचं चलन, सगळं येतं. शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीच्या ऑफिसात सहा वर्षं काढली, मग पोरगं झालं तेव्हा तीन वर्षं घरी, आता दोन वर्षं एका छोट्या ठिकाणी करतेय आणि तिथं पगार वाढायची काय लक्षणं नाहीत म्हणून दुसरीकडं बघायला सुरुवात केली. तर कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका कंपनीची जाहिरात दिसली (नाव घेत नाही, घेऊन काय फायदा, सगळ्यांचे फॉर्म सारखेच). पद अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह. पगार, तर म्हणे 'इंडस्ट्री स्टँडर्डप्रमाणे'. त्यांच्याकडनं मला मिळालेली माहिती एवढीच. माझ्याकडनं सात पानं.

पहिल्या पानावर गोड बोलतात, रेझ्युमे अपलोड करा, माहिती आपोआप भरली जाईल. केला अपलोड. आपोआप भरलं ते असं की माझं आडनाव 'एमकॉम' झालं आणि आधीच्या कंपनीच्या जागी 'टॅली' आलं, कालावधी सहा वर्षं. मग ते सगळं खोडून परत हातानं. म्हणजे रेझ्युमेत जे आहे तेच परत टाइप करायचं, एकेका नोकरीची सुरुवातीची तारीख दिवसासकट, आणि ती टाइप पण करता येत नाही, कॅलेंडर उघडतं आणि एकेक महिना मागं मागं जायचं. २०१४ पर्यंत मागं जाईपर्यंत चहा गार झाला.

नावाचा तर वेगळाच घोळ. पॅनवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, दहावीच्या सर्टिफिकेटवर परत माहेरचं आणि त्यात वडिलांच्या नावातलं एक अक्षर कमी. फॉर्म म्हणतो नाव सर्व कागदपत्रांवर सारखे असावे. लग्न झालेल्या बाईचं नाव सगळ्या कागदांवर सारखं असतं हे कुणी ठरवलं देव जाणे, माझ्या ओळखीत अशी एकही नाही. जेंडरच्या रकान्यात मात्र पटकन 'स्त्री' टिकमार्क केलं, घरात आम्ही पोरी अजून 'मी आलो, मी जेवलो' असंच बोलतो ते त्यांना कशाला सांगा.

आणि मग पुढचं. रक्तगट. उंची. वजन. (वजन कशाला? मी काय वितळलेलं लोखंड ओतायचं लॅडल उचलणार आहे का?) घर स्वतःचं की भाड्याचं. भावंडं किती आणि ती काय करतात. नवऱ्याचं वार्षिक उत्पन्न. दुचाकी आहे का, असेल तर नंबर. फेसबुकची लिंक. धर्म, जात. आधार नंबर, पॅन नंबर, दोन्हीच्या पीडीएफ. मागच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा आणि त्या खऱ्या आहेत हे दिसायला बँकेचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट. आत्ताच्या साहेबांचं नाव आणि मोबाईल. सगळ्यापुढं लाल स्टार. लाल स्टार म्हणजे भरलंच पाहिजे, नाही भरलं तर 'नेक्स्ट'चं बटण राखाडी होऊन बसतं.

साहेबांचा मोबाईल नंबर ह्या रकान्याबद्दल जरा सविस्तर सांगते कारण त्यानं माझं एकदा चांगलंच वाटोळं केलंय. गेल्या वर्षी असाच एका दुसऱ्या ठिकाणी फॉर्म भरला होता, तेव्हा भोळेपणानं खरा नंबर टाकला, म्हणलं सिलेक्शन झाल्यावर विचारत असतील. इंटरव्ह्यूचा फोन आलाच नाही मला. पण चौथ्या दिवशी साहेबांना आला. व्हेरिफिकेशनसाठी. साहेब काय बोलले नाहीत, नुसते माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "मॅडम, चाललाय व्हय? सांगायचं तरी." मार्चएंड तोंडावर, सगळं ऑफिस ऐकतंय, आणि मी खाली मान घालून व्हाउचरं लावतेय. त्यानंतर तीन महिने माझ्याकडची बँकेची कामं हळूच दुसऱ्याकडं गेली. आणि त्या कंपनीकडनं? काय नाही. नकाराचं एक ओळीचं ईमेल पण नाही. त्यांनी माझी नोकरी घालवली नाही हे मान्य, पण माझी इज्जत परस्पर घालवली आणि त्यांना त्याचा पत्ता पण नाही, कारण तो फोन करणारीनं तिच्या एक्सेलमध्ये नुसता 'व्हेरिफाइड' लिहून पुढचा नंबर लावला असणार.

बँक स्टेटमेंटचं तर मला कळतच नाही. म्हणजे का मागतात ते नीट कळतं, मी अकाउंट्समध्येच आहे. आधीचा पगार कळला की त्याच्यावर दहा-पंधरा टक्के ठेवून ऑफर द्यायची, कामाची किंमत काय हा प्रश्न उरतच नाही. मी तीन वर्षं घरी होते, परत आले तेव्हा मिळेल त्यावर लागले, आता तो कमी आकडा शेपटीसारखा जाईल तिथं मागं येणार. कॅलिफोर्नियात २०१८ पासून अर्जदाराला आधीचा पगार विचारायलाच बंदी आहे. युरोपियन युनियननं २०२३ मध्ये निर्देश काढलाय त्यात पण हेच, आणि वर उलटं कंपनीनंच सुरुवातीचा पगार किंवा त्याची रेंज आधी सांगायची. हे वाचून मला म्हातारीच आठवली, आधी स्वतःचं सांग मग दुसऱ्याला विचार. आपल्याकडं असलं काय नाही. आपल्याकडं स्टेटमेंट द्या, आणि त्या स्टेटमेंटात मी महिन्याला मेडिकलमध्ये किती देते, पोराची फी किती, आईला किती पाठवते, कुठली भिशी, कुठला हप्ता हे सगळं एका अनोळखी माणसाच्या कॉम्प्युटरवर. नवऱ्यानं पण कधी एवढं बघितलं नाही.

पाचव्या पानावर एक रकाना होता, 'येत्या दोन वर्षांतील कौटुंबिक नियोजन'. मी तो तीनदा वाचला. नवऱ्याला दाखवला, तो म्हणाला ट्रिपबद्दल विचारत असतील. भाबडा आहे. पुरुषांच्या फॉर्मवर पण हा रकाना असेल, फॉर्म एकच आहे, पण त्याचं उत्तर बघून कुणाचा फॉर्म बाजूला ठेवला जाणार हे सांगायला नको.

ह्यावर शोधता शोधता एक जुनी केस सापडली. एलआयसीत एक बाई परीक्षा, इंटरव्ह्यू, मेडिकल सगळं पास होऊन १९८९ मध्ये लागल्या. लागताना जो फॉर्म भरून घेतला त्यात पाळी नियमित आहे का, किती वेळा दिवस गेले, शेवटची पाळी कधी आली त्याची तारीख, आत्ता गरोदर आहात का, गर्भपात झालाय का, असले रकाने होते. पुढं त्या बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि रजेवर असतानाच नोकरीवरनं काढलं, कारण काय तर फॉर्ममध्ये पाळीची तारीख खोटी लिहिली. सुप्रीम कोर्टापर्यंत गेल्या त्या बाई. १९९१ मध्ये कोर्टानं त्यांना परत कामावर घ्यायला लावलं, आणि वर सांगितलं की असले रकाने बाईला लाज आणणारेच नाहीत तर अपमान करणारे आहेत, फॉर्ममधनं काढून टाका. १९९१! मी तेव्हा बालवाडीत पण नव्हते. आणि आज इथं कागलला तोच रकाना जरा पावडर लावून, 'कौटुंबिक नियोजन' असं शुद्ध मराठी नाव घेऊन उभा.

जातीच्या रकान्याचं जरा वेगळं आहे आणि ते नीट सांगायला पाहिजे, नाहीतर कमेंटमध्ये लोक भलतंच काढतील. सरकारी फॉर्मवर प्रवर्ग विचारतात त्याला कारण आहे, हिशोब आहे, रोस्टर आहे म्हणजे कुठली जागा कुठल्या प्रवर्गाला त्याचा तक्ता, सर्टिफिकेट आणि व्हॅलिडिटी मागतात तर त्याच्या बदल्यात एक हक्क मिळतो. कोल्हापूरच्या माणसाला हे सांगायला नको, २६ जुलै १९०२ ला शाहू महाराजांनी संस्थानातल्या नोकऱ्यांत ५० टक्के जागा मागासवर्गांसाठी राखून ठेवायचा हुकूम काढला तो इथलाच. तेव्हा जात विचारली ती दार उघडायला. खाजगी कंपनीत आरक्षण नाही, रोस्टर नाही, मग ह्या फॉर्मवर जात कशासाठी? आणि धर्म? एकच उपयोग मला सुचतो आणि तो चांगला नाही.

आता तुम्ही म्हणाल कंपन्यांना पण पारखून घ्यावं लागतं. लागतं की. माझी कॉलेजची एक मैत्रीण एचआरमध्ये आहे, तिला फोन लावला आणि अर्धा तास भांडले. ती हसत होती. म्हणाली, अगं एका जागेला शे-दोनशे अर्ज येतात, मी रेझ्युमेचं पहिलं पान बघते, अनुभव, गाव, नोटीस पिरियड, बस. बाकीचे रकाने कोण वाचतं? मग विचारता कशाला, तर म्हणाली फॉर्म आधीच्या कंपनीतनं आणलेला, त्यांनी अजून कुठनं तरी आणलेला, जॉइनिंग फॉर्म आणि अर्ज कधीतरी एकत्र शिवले गेले आणि तसेच राहिले, आता रकाना काढायचा तर वरनं मंजुरी लागते, वाढवायचा तर कुणी विचारत नाही.

हे मला पटलं, कारण जॉइनिंगचे कागद मी स्वतः भरून घेतलेत. माणूस कामावर लागला की पॅन लागतंच, टीडीएस कापायला. पीएफसाठी फॉर्म ११, नॉमिनी, आधार, आधीचा यूएएन म्हणजे पीएफचा नंबर. पगार २१ हजारच्या आत असेल तर ईएसआयसी, म्हणजे कामगार विमा, मग त्यात घरच्यांची नावं. बँक खातं तर पगार टाकायलाच. प्रत्येक कागदाला जायला एक जागा आहे. पण हे सगळं माणूस लागल्यावर! दोनशे जणांकडनं आधी गोळा करायचं, एकाला घ्यायचं, मग उरलेल्या एकशे नव्व्याण्णव आधारकार्डांचं काय करता?

काय करतात ते पण मला माहिती आहे, आणि हे सांगायला मला जरा लाज वाटते. फाउंड्रीच्या ऑफिसात माझ्या मागं एक लोखंडी कपाट होतं, त्याच्या खालच्या कप्प्यात न घेतलेल्या पोरांचे बायोडेटे, आधारच्या झेरॉक्सा, फोटो लावलेले अर्ज, वर्षानुवर्षांचा गठ्ठा. मागची बाजू कोरी. आम्ही सगळे ते रफ पेपर म्हणून वापरायचो. मी स्वतः कितीतरी वेळा ट्रायल बॅलन्सचा फरक शोधायला कुणाच्यातरी बायोडेटाच्या पाठीवर बेरजा केल्यात. एकदा पलटून बघितलं तर एका आयटीआय झालेल्या पोराचा होता, आईचं नाव, गाव, मोबाईल, फोटोत शर्टाचं वरचं बटण लावलेलं. फरक सापडल्यावर मी तो कागद बोळा करून टाकला. फाडला पण नाही. तेव्हा काय वाटलं नव्हतं, आता ह्या फॉर्मच्या पुढं बसल्यावर वाटतंय की माझ्या फॉर्मवर पण कोणतरी बेरजा करणार.

आणि हे फक्त कंपन्यांचं नाही. ह्या फॉर्मला सही ५० केबीच्या आत पाहिजे होती, मला काय जमेना म्हणून राजारामपुरीतल्या एका 'सर्व प्रकारचे ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील' अशा बोर्डाच्या दुकानात गेले. भरतीचा सीझन, पोरांची ही गर्दी. दुकानदार मोठ्यानं विचारतोय, "जात काय रं? उंची? छाती? फुगवून किती?" आणि पोरगं बिचारं सगळ्यांच्या देखत छाती फुगवून किती ते सांगतंय. बँकेची परीक्षा देणारी एक पोरगी कोऱ्या कागदावर डाव्या अंगठ्याचा ठसा उमटवत होती, दोनदा पुसट आला, तिसऱ्यांदा कागद फाटला. माझा नंबर आल्यावर म्हणाला, "ताई, व्हॉट्सॲपवर टाका की सगळी कागदं, आधार, पॅन, मार्कलिस्ट." त्याच्या स्क्रीनवर डाउनलोडचं फोल्डर उघडंच होतं, अख्ख्या गल्लीची आधारकार्डं एकाखाली एक, चेहरे ओळखू येत होते, आमच्या दूधवाल्याचा पण. माणूस चांगला आहे हां तो, सही बारीक करून दिली आणि दहा रुपये पण घेतले नाहीत. पण चांगला आहे म्हणून चाललंय एवढंच.

कायदा आहे म्हणतात. आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, ऑगस्ट २०२३ चा. त्यात संमतीबद्दल स्पष्ट लिहिलंय की ज्या कामासाठी मागताय त्याला जेवढी लागते तेवढ्याच माहितीपुरती ती संमती. कामावर असलेल्या माणसाच्या बाबतीत कंपन्यांना जरा सवलत आहे, पण अर्ज करणारा अजून कामावर कुठं असतो? सांभाळण्यात हयगय झाली तर दंड २५० कोटींपर्यंत. नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडलं आणि मुख्य गोष्टी लागू करायला त्यात १८ महिन्यांची मुदत. तोपर्यंत भरा फॉर्म. मी आपलं एक करते, मास्क्ड आधार डाउनलोड करते, त्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात, तेच अपलोड करते. ह्या पोर्टलनं ते पण परत पाठवलं, 'दस्तऐवज अस्पष्ट'.

तरी मी सगळं भरत गेले. वजन भरलं, पाच किलो कमी सांगून. साहेबांच्या नंबरच्या जागी नवऱ्याचा दुसरा नंबर. कौटुंबिक नियोजनात 'लागू नाही'. फेसबुकला एक जुनं बंद खातं. खोटं बोलायची सवय नाही मला, पण फॉर्म शिकवतो.

अडले ते सहाव्या पानावर. वडिलांचा व्यवसाय, लाल स्टार. खाली वडिलांचा मोबाईल, लाल स्टार. यादीत नोकरी, व्यवसाय, शेती, रिटायर्ड, एवढंच. आमचे पप्पा जाऊन चार वर्षं झाली. 'हयात नाहीत' असा पर्यायच नाही. रिकामं सोडलं तर बटण राखाडी.

पप्पा उद्यमनगरात लेथवर होते, पस्तीस वर्षं. त्यांची नोकरी कशी लागली ते आम्ही इतक्या वेळा ऐकलंय की पाठ आहे, वर्कशॉपच्या दारात उभे राहिले, मालकानं एक जॉब हातात दिला, म्हणाला एवढा उतरव, पप्पांनी उतरवला, मालकानं मायक्रोमीटर लावून बघितलं आणि म्हणाला उद्या आठला ये. नाव पण दुसऱ्या दिवशी विचारलं म्हणे. आता ते सगळं लई भारी होतं असं मी म्हणणार नाही, त्या दारात मी उभी राहिले असते तर मला जॉब सोडा, 'कुणाला शोधताय ताई' एवढंच विचारलं असतं, आणि पप्पांना पण कुणाच्या तरी ओळखीनंच दारापर्यंत जाता आलं होतं. पीएफ पण पहिली नऊ वर्षं नव्हता.

रविवारी आईकडं गेले होते, लॅपटॉप घेऊनच. आई मेथी निवडत होती. मी म्हणलं, आई, ह्यात पप्पांचं काय लिहू, ह्यांच्याकडं रकानाच नाही. तिनं चष्मा वर करून यादी बघितली, परत खालपर्यंत बघितली.

"रिटायर लिही," म्हणाली. "आयुष्यभर सुट्टी घेतली न्हाई त्यांनी, एकदा तरी होऊ दे रिटायर."

"आणि मोबाईल नंबर?"

"त्यांचाच दे की. मी बंद कुठं केलाय, रिचार्ज मारते मी दर महिन्याला."

मी नंबर टाकला. 'नेक्स्ट'चं बटण निळं झालं, सातवं पान उघडलं आणि पानाच्या मधोमध आलं, आपल्या वडिलांच्या मोबाईलवर ओटीपी पाठवला आहे. आतल्या खोलीत, कपाटावर, त्यांचा फोन वाजला.